ओढ्यातला दगड

सरांच्या स्वयंपाकघरातला ओटा ग्रॅनाइटचा आहे. मुळशीत सगळा खडक काळा, बसाल्ट. ग्रॅनाइट इथे ट्रकमधून येतो, पॉलिश होऊन. गेल्या महिन्यात मी नांद्याहून सरांना भेटायला गेलो, तेव्हा ते वॉकर बाजूला ठेवून ओट्यावर वाकले होते. डोळ्याला भिंग. स्वयंपाकाच्या बाई परात घेऊन मागे ताटकळत उभ्या.

"सर, टिपकं बघून झालं असंल तर सरका की. मला हितं पीठ मळायचंय."

"मळा. एवढा कोपरा सोडा."

"कालबी त्योच कोपरा. सोनं हाय का त्यात?"

"सोन्याहून भारी."

"मग इकून टाका वटा. तुमचं गुडघं तरी बदलून हुतील."

सर मनापासून हसले. मग मला जवळ बोलावून त्यांनी भिंग हातात दिलं. गुलाबी दगडात तपकिरी-काळा दाणा होता आणि त्याच्याभोवती सगळीकडे फुटलेल्या, केसासारख्या बारीक भेगा. ॲलनाइट. त्यात थोडं थोरियम असतं, त्याच्या किरणांनी दाणा कोट्यवधी वर्षं आतून फुगत राहतो आणि शेजारचा दगड तडकवतो. सिरियम, लँथनम ही दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं, ज्यांच्या बातम्या हल्ली रोज येतात, ती अशाच दाण्यांत असतात. चार दाण्यांना काही किंमत नाही. ते एका जागी दाटीने जमले असतील, तर आहे.

अशी एक जागा सरांनी शोधली होती, असं ते तीस वर्षं मानत आले. ती जागा खोटी आहे, हे फक्त मला माहीत होतं.

मी सरांच्या हाताखाली भूशास्त्रात एम. एस्सी. करत असताना विदर्भाच्या पूर्व टोकाला आमचं काम चाललं होतं. एक दिवस सरांना ताप आला आणि त्यांनी मला एकट्याला पाठवलं. नऊ ठिकाणचे नमुने घ्यायचे, दगडावर चिकटपट्टी लावून तिच्यावर क्रमांक लिहायचा, नकाशावर खूण करायची. मी ते नीट केलं. परतताना ओढा ओलांडताना पाय घसरला आणि पिशवी पाण्यात उलटी झाली. पट्ट्या सुटल्या. ओढ्यात तर सगळे तसलेच गुलाबी दगड. परत नऊ ठिकाणी जायचं म्हणजे आणखी एक अख्खा दिवस, आणि मला घरी जायची घाई होती. मी हाताला लागतील ते, साधारण तेवढ्याच आकाराचे नऊ दगड उचलले आणि अंदाजाने नवे क्रमांक लावले.

काही महिन्यांनी तपासणीत त्यातला एक दगड ॲलनाइटने गच्च भरलेला निघाला. सरांनी तो परिषदेत मांडला. लोक नकाशावरची जागा पाहून आले. तिथे साधा ग्रॅनाइट. "सरांनी दगड दुकानातून आणला असेल," असं कोणीतरी चहाच्या वेळी म्हणालं आणि बाकीचे हसले. मीही तिथेच उभा होतो. तोंड उघडलं नाही. पुढे सर दर सुट्टीत तिथे जात राहिले. दोनदा मी त्यांच्याबरोबर गेलो आणि जिथे काही नाही हे ठाऊक होतं तिथे दिवस दिवस हातोडा चालवला. उरवड्याच्या कारखान्यातली माझी नोकरीसुद्धा त्यांच्याच चिठ्ठीवर लागली.

त्या दिवशी भिंग परत घेताना सर म्हणाले, "एका संस्थेची मुलं येणार आहेत. त्यांना पुन्हा शोधायचंय. मला आता चालवत नाही. तू ने त्यांना. जागा तुला माहीत आहे."

तेव्हा मी सांगितलं. ओढा, पट्ट्या, घाई, सगळं. ते ओरडतील, जा म्हणतील, याची मी तीस वर्षं तयारी केली होती. बाईंचा पीठ मळणारा हात थांबला.

सरांचा चेहरा उजळला. ते पाहणं मला फार जड गेलं.

"अरे, म्हणजे दगड ओढ्यातला! वरून वाहत आलेला. मग ओढ्याने वर वर जायचं होतं. तेव्हाच कळलं असतं तर..." ते वाक्य त्यांनी सोडून दिलं. "कपाटातून नकाशा काढ."

जुना नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला. त्या भागात निळ्या रेघांचे पाच ओढे होते. सरांनी बोट पहिल्यावर ठेवलं.

"हा?"

मला पाण्याचा गारवा आठवत होता. घसरलेली चप्पल आठवत होती. ओढा आठवत नव्हता.

"मग हा? बघ, याला वळण आहे. उतरताना ऊन कुठून येत होतं?"

"नाही आठवत, सर."

बोट तिसऱ्यावर गेलं, चौथ्यावर, पाचव्यावर, आणि परत पहिल्यावर. त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मी त्याच्या आडोशाला उभा राहिलो असतो.

बाईंनी दारातून हाक मारली, "सर, जेवून घ्या. भाकरी गार हुतिया."

"थांबा जरा," माझ्यावरची नजर न काढता सर म्हणाले. "त्याला आठवतंय."