फुल चार्ज बॅटरी आणि घाटकोपरचा उतार

सोमवारी सकाळी आमच्याच रस्त्यावर माझी वाट लागता लागता राहिली. दोन्ही हातांनी टाइप करतोय, म्हणजे सगळं ठीक आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी... मी साकीनाक्याला ऑफिसला इलेक्ट्रिक युनिसायकलवर जातो. एकच जाडजूड चाक, दोन बाजूंना पाय ठेवायला पेडल्स, हँडल वगैरे काही नाही. पुढे झुकलं की पळते, मागे झुकलं की ब्रेक. तोल मोटर सांभाळते. मोटर बंद पडली की आपण थेट डांबरावर.

आमची सोसायटी घाटकोपर वेस्टला, डोंगरावर. गेटबाहेर पडलं की जो उतार लागतो तो खालच्या रिक्षा स्टँडपर्यंत. एरवी मी चार्जिंग ऑफिसात करतो, त्यामुळे सकाळी घरून निघताना बॅटरी बऱ्यापैकी उतरलेली असते. यावेळी सुट्ट्या लागून आल्या म्हणून घरीच चार्जिंगला लावली होती. निघताना बघितलं तर शंभर टक्के... म्हटलं झकास, आज काही टेन्शन नाही.

उताराच्या मध्यावर आलो आणि चाक बीप बीप करायला लागलं. मला वाटलं स्पीड जास्त झाला. म्हणून मागे झुकून ब्रेक वाढवला... तर बीप आणखी जोरात! पायाखालची पेडल्स पुढून वर उचलली जायला लागली.

काही कळेना. ब्रेक लावला की आवाज वाढतो, ब्रेक सोडला की स्पीड वाढतो. उडी मारावी इतका हळू मी नव्हतो. आणि खाली वळणावर शाळेची व्हॅन उभी, पोरं दप्तरं घेऊन चढतायत.

तेवढ्यात समोरून माझी बायको वैशाली आणि सासूबाई येताना दिसल्या. सासूबाई कणकवलीहून आल्यात, रोज सकाळी दोघी फिरायला जातात. वैशालीने माझा चेहरा बघितला आणि मला थांबता येत नाहीये हे तिला समजलं.

"उजवीकडे घे! देवळाकडे... देवळाकडे वळ!" ती ओरडली.

उजवीकडे देवळाची गल्ली आहे, चांगली चढाची. पण तिकडे वळायचं म्हणजे समोरून वर येणाऱ्या रिक्षेला आडवं जायचं. मी काही बोलायच्या आत ही बाई दोन्ही हात वर करून रिक्षेच्या पुढ्यात जाऊन उभी! रिक्षावाल्याने करकचून ब्रेक मारला, वर तिला दोन शब्द ऐकवले... आणि मी तिच्या मागून गल्लीत शिरलो.

चढ लागला आणि गंमत म्हणजे बीप बंद. एकदम शांत. पेडल्स सरळ झाली, चाक आपोआप हळू झालं, आणि मी अलगद खाली उतरलो. उतरल्यावर थेट देवळाच्या पायरीवरच बसलो.

वैशाली धावत आली. आधी माझे हात बघितले, मग गुडघे, मग हेल्मेटचा पट्टा सोडला. मागून सासूबाई धापा टाकत आल्या.

"जावयबापू, ह्यां चाक कित्याक आरडत होतां?"

चाक का ओरडत होतं, हे मलाही हवं होतं. तिथूनच निखिलला फोन लावला. निखिल मुलुंडचा, माझा जुना मित्र, त्यानेच मला हे चाक चालवायला शिकवलं.

"चार्ज किती होता?" त्याचा पहिला प्रश्न.

"फुल."

"फुल? आणि तू उतारावर गेलास? वेडा आहेस का रे?"

मग त्याने समजावलं. या चाकाला सायकलसारखे रबराचे ब्रेक नसतातच. आपण ब्रेक करतो तेव्हा मोटरच उलटी वीज तयार करते आणि ती बॅटरीत ढकलते. एरवी ही चांगलीच गोष्ट, उतारावर फुकटात चार्जिंग. पण माझी बॅटरी आधीच काठोकाठ भरलेली... मग ती वीज जाणार कुठे? बॅटरी ओव्हरचार्ज व्हायला लागली म्हणून चाक ओरडत होतं, आणि मला थांबवायला पेडल्स उचलत होतं. मी ब्रेक दाबून उलट आणखी वीज भरत होतो. चढावर मोटरने वीज खाल्ली, म्हणून ते शांत झालं.

"आणि चढ नसता मिळाला तर?"

"तर ते मध्येच बंद पडलं असतं यार. पुढचं तूच समज."

फोन स्पीकरवर होता. वैशालीने सगळं ऐकलं. तिला विचारलं, तुला कसं सुचलं गं? म्हणाली, "मला बॅटरी-बिटरी काय माहीत! चढावर कुठलीही गाडी थांबतेच ना... एवढंच आलं डोक्यात."

घरी तिघं चालतच गेलो, चाक ढकलत. त्या दिवशी सुट्टी टाकली. सासूबाईंनी माझी दृष्ट काढली, मग गरमागरम घावणे केले... आणि मी आयुष्यात पहिल्यांदा मोजल्याशिवाय खाल्ले.

जे कोणी असं चाक चालवतात आणि डोंगरावर राहतात, त्यांना हात जोडून सांगतो... उतारावर निघायचं असेल तर बॅटरी फुल करू नका. थोडी जागा ठेवा. बीप झालाच तर स्पीड कमी आहे तोवरच उतरा, पुढे रेटू नका. माझ्यासारखा चढ प्रत्येकाला मिळेलच असं नाही.

दुसऱ्या दिवशी बॅटरी थोडी कमी ठेवूनच निघालो. वाटलं होतं वैशाली अडवेल. दारात उभी राहून एवढंच म्हणाली, "जा. पण पोचलास की फोन कर."

लग्नाला इतकी वर्षं झाली, ऑफिसला पोचल्याचा फोन तिने कधी मागितला नव्हता. आता रोज करतो. "पोचलो गं," एवढंच... आणि पलीकडून तिने सोडलेला श्वास ऐकू येतो.