पंधरावी पिशवी

छत्रीमावशीसारखी घडी जगात कुणाला जमायची नाही, असं हवाई तळावरची माणसं म्हणत. घरी तिचा नवरा म्हणे, असेल बुवा, पण मला धुतलेल्या चादरीला हात लावू देत नाही त्याचं काय! त्या बिचाऱ्यानं चादर घडी घालून कपाटात ठेवली, की ही ती काढणार, झटकणार आणि काठाला काठ जुळवून पुन्हा घालणार. तीस वर्षांच्या संसारात या चादरींवरून जेवढी भांडणं झाली तेवढी दुसऱ्या कशावरून झाली नसतील. पण तिचा तरी काय इलाज? लढाऊ विमानांतल्या हवाई छत्र्यांच्या घड्या घालण्यात तिची सव्वीस वर्षं गेली होती, आणि तिथे एक चूण चुकली तर माणूस खाली येतो तो थेट जमिनीवर.

तिची खोली हँगरच्या मागच्या बाजूला. खोलीभर एकच लांबलचक टेबल, इतकं गुळगुळीत की माशी बसली तरी घसरेल. चपला दाराबाहेर काढायच्या, धुळीचा कण आत येता कामा नये. टेबलावर छत्रीचं कापड पसरायचं, त्याच्या अठ्ठावीस दोऱ्या एकेक करून हाताखालून घालायच्या, मग पट्ट्यावर पट्टा रचत जायचं. ते कापड मोठं नाठाळ. इकडे घडी बसवावी तर तिकडे उलगडतं. म्हणून त्याच्यावर ठेवायला तळहाताएवढ्या लाल पिशव्या होत्या, आत शिशाच्या गोळ्या भरलेल्या. बरोबर पंधरा. नियम असा, की छत्री बंद करण्याआधी पंधराच्या पंधरा पिशव्या भिंतीवरच्या खुंट्यांना परत लटकल्या पाहिजेत. खुंटी रिकामी दिसली तर पिशवी घडीत राहिली असं समजायचं, आणि घडीत पिशवी राहिली तर छत्री उघडेलच याची खात्री देवसुद्धा देणार नाही. पिशव्या मोजून झाल्या की एका कार्डावर तारीख, वेळ आणि सही. ते कार्ड छत्रीच्या खिशात जायचं.

त्या कार्डाची एक रीत होती. ज्याला छत्रीनं वाचवलं त्यानं ते कार्ड स्वतःच्या हातानं परत आणून द्यायचं, छत्री बांधणाऱ्याबरोबर चहा प्यायचा आणि कार्ड टेबलावरच्या फळीला टाचायचं. फळीवर चार कार्डं होती, पिवळी पडलेली, सगळी मावशीच्या आधीच्या लोकांची. तिच्या सहीचं एकही नव्हतं. कुणी चिडवलं तर ती म्हणायची, "नकोच मला! सव्वीस वर्षं माझं काम कुणाच्या उपयोगी पडलं नाही, यासारखं सुख नाही." म्हणायची खरी. पण तिनं आपली छत्री टेबलावर चपटी पडलेलीच पाहिली होती, हवेत कधीच नाही, आणि ही रुखरुख ती नवऱ्यालाही सांगत नसे.

आता कासवाबद्दल. आवाजाच्या पुढे जाणारं विमान चालवणाऱ्या माणसाला कासव का म्हणतात, असं कुणीही विचारेल. शिकाऊ असताना पहिल्यांदा विमान धावपट्टीकडे नेताना तो इतका सावकाश गेला होता, की मागून येणाऱ्या इंधनाच्या गाडीनं भोंगा वाजवला. झालं, नाव चिकटलं ते चिकटलंच. आता तो चौतिशीचा होता, तळावरचा सगळ्यात भरवशाचा पायलट. मावशीच्या खोलीत येऊन टेबलाला हात न लावता उभा राहायचा आणि गप्पा मारायचा.

"मावशी, माझं विमान माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठं आहे," तो म्हणायचा. "खरं तर मी त्याला अहो-जाहो करायला हवं."

तो हसण्यावारी न्यायचा, पण हसण्यासारखं काही नव्हतं. एका विमानाचा पंप दुसऱ्याला, दुसऱ्याचं चाक तिसऱ्याला, असं करत करत चोविसातली अकरा उरली होती. नवीन विमानं येणार, येणार, असं नऊ वर्षं चाललं होतं. मोठ्या साहेबांच्या टेबलावर नव्या विमानाची छोटी प्रतिकृती होती, तिचासुद्धा रंग उडाला होता. कासवाच्या बरोबरीचे सहा जण प्रवासी विमानांवर निघून गेले होते. त्यांना नावं ठेवायला कुणाची जीभ धजत नव्हती. घरी बायकामुलं आहेत, आणि तिथली विमानं नवीकोरी आहेत.

कासवाची वेळ आता आली होती. शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत त्यानं अर्ज द्यायचा होता: आणखी दहा वर्षं राहणार. अर्ज आला नाही तर नोकरी संपली, प्रवासी विमानांचा रस्ता मोकळा. त्याची बायको शाळेत शिकवायची. रविवारी ती मुद्दाम मावशीच्या घरी आली होती. "मावशी, तुम्ही सांगितलंत तर तो ऐकेल. मुलगी चार वर्षांची आहे हो. रोज तो घरी येईपर्यंत माझा जीव मुठीत असतो."

म्हणून सोमवारी कासव खोलीत आला तेव्हा मावशीनं आडपडदा ठेवला नाही. "जा तू. तुझ्या जागी दुसरा कुणी येईल. तुझ्या घरात तुझ्या जागी कोण येणार?"

कासवानं खिशातून घडी घातलेला अर्ज काढला. "हा ठेवा तुमच्याकडे. घरी ठेवला की भांडण होतं. शुक्रवारी नेतो."

तिनं तो खिडकीशेजारच्या उघड्या खणात टाकला. पंख्यानं कागद फडफडायला लागला, म्हणून हाताला लागलं ते त्यावर ठेवलं, आणि कामाला लागली.

हाताला लागली होती लाल पिशवी! त्यानंतर मंगळवार संपेपर्यंत त्या टेबलावर छत्री बांधली गेली नाही, शिलाई तपासण्याचंच काम होतं. बुधवारी तिनं एक छत्री बांधली, सही केली, सामान नेणाऱ्यांनी ती कासवाच्या विमानात बसवलीसुद्धा. पिशव्या मोजल्या होत्या का? मोजल्या होत्या, म्हणजे मोजल्यासारखं वाटलं होतं. डोक्यात कासवाची बायको, त्याची मुलगी, शुक्रवार. सव्वीस वर्षांची सवय. हात मोजतात आणि डोकं फक्त मान हलवतं. दुपारी चहाचा कप ठेवताना तिची नजर भिंतीवर गेली. शेवटची खुंटी रिकामी.

बाहेर इंजिन सुरू झाल्याचा आवाज येत होता. तिनं फोन उचलला आणि एवढंच म्हणाली, "कासवाचं विमान थांबवा. माझी पिशवी हरवली आहे."

विमान धावपट्टीच्या तोंडावरून परत आलं. अकरातलं एक बसवून ठेवायचं म्हणजे काय, हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण कुणी ब्र काढला नाही. छत्री काढली, खोलीत आणली, सगळ्यांसमोर उलगडली. पिशवी नव्हती! मग मावशीनं टेबलाखाली पाहिलं, कपाटामागे पाहिलं, पदर झटकला, इंजिनिअरसाहेब स्वतः गुडघ्यांवर बसून शोधायला लागले. कासवच खिडकीशी गेला, खण उघडला आणि पोट धरून हसायला लागला.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा! अहो मावशी, ही बघा, माझ्या अर्जावर आरामात बसली आहे."

मावशीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. ती साहेबांना म्हणाली, "माझ्यावर कारवाई करा." साहेब गुडघे चोळत म्हणाले, "थांबवलंत म्हणून? ज्या दिवशी थांबवणाऱ्याला शिक्षा करीन, त्या दिवसापासून कुणी मला खरं सांगणार नाही. छत्री बांधा परत." तिनं ती पुन्हा बांधली. पिशव्या मोठ्यानं मोजल्या. कार्डावर चार वाजल्याची वेळ घातली.

अर्ज खणातच राहिला. कासव जाता जाता म्हणाला, "राहू दे तिथेच. शुक्रवारी उड्डाण करून आलो की नेतो."

शुक्रवारी सकाळी साडेदहाला धाडकन आवाज झाला आणि पाठोपाठ भोंगा वाजायला लागला. मावशी अनवाणीच बाहेर धावली. दूर आकाशात एक विमान धूर सोडत खाली चाललं होतं, आणि त्याच्यापासून सुटलेला एक ठिपका पडत होता. एक. दोन. आणि मग तो ठिपका वरच्या वर थांबला, आणि त्याच्या डोक्यावर काहीतरी नारिंगी-पांढरं फुललं, फुलतच गेलं.

"अगं बाई," ती स्वतःशीच म्हणाली, "एवढी मोठी असते!"

तिला माहीत होतं की ती किती मीटरची असते. प्रत्येक शिवण तिच्या बोटांना पाठ होती. पण टेबलावर चपटं पडलेलं ते नाठाळ कापड आज आभाळात गोल, भरलेलं, वाऱ्यानं टच्च फुगलेलं उभं होतं आणि त्याखाली एक अख्खा माणूस पाय हलवत होता. तिनं डोळे बारीक करून पाहिलं. एक पट्टा फाटलेला नाही, एक दोरी गुंतलेली नाही. ती तिथेच सिमेंटवर बसली आणि लहान मुलीसारखी आ वासून, छत्री झाडांमागे उतरेपर्यंत पाहत राहिली. तिच्या या हातांनी! विश्वासच बसेना.

विमान माळरानावर पडलं, कुणाला लागलं नाही. इंजिनातलं एक पातं तुटलं होतं, पातं विमानाएवढंच जुनं. कासवाची पाठ दुखावली होती, पण सहा महिन्यांत पुन्हा उडेल, असं डॉक्टर म्हणाले.

साडेतीन वाजता कचेरीतला कारकून खोलीत डोकावला. "मावशी, कासवसाहेबांनी अर्ज तुमच्याकडे ठेवला होता म्हणे? आज शेवटचा दिवस. पाचपर्यंत आला नाही तर ते सुटले."

तो गेल्यावर मावशीनं खण उघडला. दुसऱ्याचा कागद तिनं कधी वाचला नव्हता, आज वाचला. 'राहणार' या चौकोनात खूण होती. खाली सही. तारीख सोमवारची.

म्हणजे सोमवारी तो सल्ला मागायला आलाच नव्हता! ठरवूनच आला होता. बायकोला सांगायचं धैर्य होत नव्हतं, ते गोळा करायला आला होता, आणि ही बया त्याला म्हणाली, जा.

मग तिच्या मनात आलं, खण बंद करावा. बस, एवढंच. दीड तास चहा पीत बसावं. कागद खणातच राहील, कासव सुटेल, बायको सुटेल, ती पोर सुटेल. त्या छत्रीला उघडताना पाहिलं होतं तिनं; दुसऱ्यांदा उघडेलच असं कुणी सांगावं? आणि कुणाला कळणार होतं? सगळे म्हणतील, अपघाताच्या गडबडीत राहून गेलं. तिनं खण बंद केलासुद्धा. समोर भिंतीवर पंधरा पिशव्या लटकत होत्या. त्या भिंतीकडे पाहत ती बराच वेळ बसली. मग स्वतःलाच एक शिवी हासडली, कागद काढला आणि सायकल दामटत इस्पितळात गेली.

कासव पाठीला पट्टा बांधून पडला होता. शेजारी त्याची बायको, डोळे सुजलेले. मावशीनं कागद पलंगावर ठेवला. "हा मी दाबून ठेवणार होते. तुझी सही आहे म्हणून आणला. आता तुम्ही दोघं बघा."

बायकोनं कागद वाचला. पुन्हा वाचला. "सोमवारी? सोमवारी सही केलीस आणि चार दिवस मला 'बघू, बघू' म्हणत होतास?"

"भीती वाटत होती," कासव छताकडे बघत म्हणाला.

"कुणाची?"

"तुझी."

ती रडता रडता हसली आणि मग नुसतीच रडली. कासव हळूहळू बोलत राहिला. गेल्या वर्षी आलेली चार पोरं त्याच्याकडे शिकत होती. त्या जुन्या इंजिनाचा आवाज बदलला की किती सेकंद हातात असतात, ते त्याला माहीत होतं. आज तेवढ्यावरच तो वाचला होता. "नवीन विमानं येईपर्यंत ही पोरं ह्याच विमानांत बसणार. मी गेलो तर त्यांना हे कोण सांगणार? वहीत लिहून येत नाही ते."

उशाशी एक कार्ड पडलं होतं, छत्रीच्या खिशातलं. बायकोनं ते उचललं. "बुधवार, चार वाजता. हे तुम्ही बांधलंत?"

"त्या दिवशी दोनदा बांधलं," मावशी म्हणाली.

"मावशी, खरं सांगा. तुम्हाला काय वाटतं?"

"मला अजूनही वाटतं की ह्यानं जावं."

बायकोनं डोळे पुसले, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेचार. तिनं कागद आणि कार्ड दोन्ही मावशीच्या हातात दिलं. "न्या. पण ह्याची छत्री दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची नाही. नवीन विमानं येईपर्यंत तरी."

"माझं दीड वर्ष उरलं आहे पोरी. तोवर माझा शब्द." मावशी दारापर्यंत गेली आणि वळली. "आणि नवीन विमानातसुद्धा छत्री लागतेच गं."

कार्ड स्वतःच्या हातानं टाचायचं ही रीत, म्हणून कासव उठायला बघत होता. मावशीनं त्याला दटावून झोपवलं आणि म्हणाली, "बरा झालास की ये. चहा तुझ्याकडे उधार." पाचला दहा कमी असताना तिनं कागद कारकुनाच्या टेबलावर ठेवला. मग खोलीत येऊन चपला दाराबाहेर काढल्या, कार्ड खणात ठेवलं आणि चार पोरांपैकी एकाची छत्री टेबलावर पसरली. बांधून झाल्यावर भिंतीशी उभी राहिली आणि रिकाम्या खोलीत मोठ्यानं मोजायला लागली. पंधरा भरल्या. तिनं सही केली.