मागची सीट रिकामी होती

शिरोळहून कोल्हापूरजवळच्या एका फौंड्रीत मी रोज मोटरसायकलनं जातो. उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्त्याची चाळण केलेली, कडेला खडी उघडी पडलेली. दोन वर्षांत मागचं टायर मधोमध पार गुळगुळीत झालं. रोज सकाळी ते दिसायचं आणि रोज मी म्हणायचो, रविवारी बदलू. रविवार झोपेत जायचा.

अशाच एका रविवारी आईला घेऊन जोतिबाला गेलो. दर्शन करून परत आलो, तर जिच्या दुकानापुढं गाडी लावली होती ती नारळवाली बाई चाकापाशी वाकून बघत होती.

"पावणं, टायरचं दोरं दिसाय लागल्यात की! आईला मागं बसवून घाट उतरनार व्हय?"

"सावकाश जातो की मावशी. रोजचंच हाय."

"रोज घाट लागतोय व्हय तुमच्या वाटंत?" ती आईकडं वळली. "आक्का, तुमी वडापच्या जीपनं जावा. माझा मालक ह्याच घाटात पडलावता. सा म्हैनं हातरुणात हुता."

आईनं एकदा टायरकडं, एकदा माझ्याकडं बघितलं आणि शेजारीच प्रवासी भरत असलेल्या जीपमध्ये जाऊन बसली. मला त्या बाईचा राग आला. खरं तर तिनं मला ठाऊक असलेलंच सांगितलं होतं.

दुसऱ्या गिअरमध्ये उतरत होतो. एका वळणावर फाट्‌कन आवाज झाला, मागचं चाक दरीच्या बाजूला ओढलं गेलं आणि मी गाडीसकट डोंगराकडच्या चरीत आडवा झालो. कोपर सोलपटलं, एवढंच. उठून आधी मागची सीट बघितली. मग दगडावर बसलो. मला हसू आवरत नव्हतं.

एका टेम्पोवाल्यानं गाडी टेम्पोत चढवायला हात दिला. घाटाखाली आई उभीच होती.

"लागलं न्हाय न्हवं?"

"न्हाय."

तिनं पदरानं माझ्या कोपरावरची माती पुसली. रागावलीच नाही.

त्याच टेम्पोनं टायरच्या दुकानात गेलो. नवं टायर बसल्यावर आईनं त्यावर हात फिरवला. "ह्येला केसं कशाला रं?" रबराच्या त्या बारीक काड्या ओढत तिनं विचारलं. दुकानदारही हसला.

मग ती मागं बसली, माझा खांदा धरला, आणि हातकणंगले यायच्या आत शेजारणीच्या म्हशीविषयी बोलायला लागली.