खांबावरचं रिकामं घरटं

नेरिडा क्विलनं चौतीस वर्षं शाळेच्या खानावळीत पोरांना वाढलं. पण त्या कार्ट्यांनी उठवलं नव्हतं एवढं तिचं डोकं घरट्यावर नजर ठेवणाऱ्या सात म्हाताऱ्यांनी एका हंगामात उठवलं.

वूम्बेरीच्या मैदानावरल्या दिव्यांच्या खांबावर मासेमार घारींची जोडी दरसाल काटक्या रचते. अंडी घातल्यापासून पिल्लू उडेपर्यंत रोज एकानं तासभर बसायचं, दुर्बिणीतून दिसेल ते वहीत मांडायचं. पगार नाही, चहा ज्याचा त्याचा. पाळ्या लावायची नेरिडा, आणि तिचं सांगणं सोपं होतं: दोनशे पावलं लांब बसा, आणि दिसलं तेवढंच लिहा. ऐकतंय कोण! एकीनं घारीच्या मनात काय चाललंय तेच पानभर लिहिलं. एकानं पाऊस बघून घरीच बसून कालचं उतरवून काढलं. आणि क्लाइवनं, गावच्या निवृत्त पोस्टमननं, मंगळवारी ठोकून दिलं: ‘घरटं रिकामं. पिल्लू उडालं.’ ते वाचून बुधवारच्या पाळीवाली फिरकलीसुद्धा नाही.

गुरुवारी सकाळी माणसाला वर उचलणारी पाळण्याची गाडी खांबाखाली हजर. बंद दिवे बदलायचे होते. शनिवारी संध्याकाळी क्रिकेटचा सामना होता.

नेरिडा घरातल्या चपलांवर धावत आली. “खाली घे तो पाळणा! सात आठवड्यांचं पोर आहे ते. भिऊन उडी टाकेल आणि मरेल!”

“अगं बाई, वहीत लिहिलंय की उडालं म्हणून,” क्रिकेट क्लबचा डॅरिल कावला. “तुझ्याच माणसानं.”

तेच तर दुखणं होतं. ती गाडी बघायला आलेल्या क्लाइवकडं वळली. “मंगळवारी कुठं बसला होतास रे?”

“इथंच, खांबाखालच्या बाकावर. लांबून बघायचं तर मान धरते. शिवाय कुत्रीला सावली नको?”

“कुत्रीपण!” नेरिडानं कपाळ बडवलं. “आई ओरडत नव्हती तुझ्या डोक्यावर?”

“ओरडत होती की, तासभर. मला वाटलं, पोर गेलं म्हणून रडतेय.”

“तुझं डोंबल! कुणी जवळ आलं की ती ओरडते. ती ओरडली की पिल्लू पोटावर सपाट पडतं, आणि तुझ्यासारखा तिथून हलेपर्यंत मान वर काढत नाही. चला, सगळे मागं!”

“वीस मिनिटं,” डॅरिल म्हणाला. “नाही दिसलं तर पाळणा वर.”

सगळे कुंपणापाशी जाऊन उभे राहिले. घार ओरडायची थांबली. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. काटक्यांवर काही हलेना. नेरिडा डोळ्यांवरची दुर्बीण हटवेना. समजा, दोन दिवसांत खरंच काही झालं असेल तर? बघायला होतंच कोण इथं?

“मी म्हणत होतो ना...” क्लाइवनं तोंड उघडलं.

“गप्प बस.”

नदीकडून नर आला, पंज्यात अर्धवट खाल्लेली बोई. मादी मासा फाडू लागली. आणि तिच्या पायाशी एक पट्ट्यापट्ट्यांचं डोकं हळूच वर आलं. नेरिडानं डॅरिलची मानच दुर्बिणीवर दाबली.

“आहे गं बाई, आहे. सोड मान.” त्यानं गाडीवाल्याला हातानं जा म्हणून खुणावलं. “सामना दुपारी ठेवतो. भाजू दे सगळ्यांना उन्हात.”

क्लाइवनं वही काढली. “मंगळवारचं खोडू का?”

“खोडू नकोस. खाली लिही, मी जवळ बसलो होतो म्हणून.”

त्यानं लिहिलं. मग पेन थांबवून विचारलं, “कुत्रीचंही लिहू?”

“लिही,” ती दातओठ खात म्हणाली.