घर बघायला आलेली माणसं

आम्ही बंगळूरला राजाजीनगरच्या त्या घरात राहायला गेलो आणि पहिल्याच रविवारी आमचे घरमालक एका अनोळखी जोडप्याला तेच घर भाड्याने दाखवायला घेऊन आले. माझी बायको वसुधा पोहे परतत होती. मी बनियनवर होतो आणि ट्रंका अजून दोरीत बांधलेल्या होत्या. आमच्या या घरमालकांनी, तेरदाळकर अण्णांनी, उंबऱ्याबाहेर चपला काढल्या आणि अदबीने विचारलं, "अक्का, घर बघायला लोक आलेत. स्वल्प आत येऊ का?"

मी इतका गोंधळलो की 'या' म्हणून बसलो. जोडपं बेळगावकडचं होतं, बिचारं मनापासून बघत होतं. "हा हॉल. वारा चांगला येतो. ही झोपायची खोली. हे देशपांडे, सोलापूरचे, पीण्या वसाहतीतल्या कारखान्यात असतात," अशी अण्णांनी सामानाबरोबर माझीही ओळख करून दिली आणि स्वतः स्वयंपाकघरात शिरले. तिथे त्यांनी खिशातून पकड काढली, नळाचं वायसर बदललं, भिंतीला तळहात लावून ओल पाहिली आणि खिडकीची सैल कडी आवळली. निघताना त्या जोडप्यातल्या नवऱ्याने विचारलं, "रिकामं कधी होणार?"

अण्णा चकित झाले. "रिकामं? इथं माणसं राहतात की!"

ते जोडपं गेटबाहेर पडेपर्यंत मागे वळून वळून बघत होतं. मी तावातावाने खाली गेलो. नव्वदच्या दशकाची ती सुरुवातीची वर्षं होती, बंगळूरमध्ये परवडेल असं घर मिळवताना माझ्या चपला झिजल्या होत्या, आणि इथे सामान सोडायच्या आतच आम्हाला घालवायची तयारी चाललेली. गेटवर 'टू लेट'ची पत्र्याची पाटी तशीच लटकत होती.

"पाटी ना? ती कायम असते," अण्णा म्हणाले. "घरमालकाला भाडेकरूच्या घरात शिरायचा हक्क नाही री. भाडं घेतलं, विषय आयतु, संपला. पण नळ माझा, भिंत माझी. ती बघायची कशी? घर बघायला माणूस आला की मात्र त्याच्याबरोबर यावंच लागतं."

"अहो, मग चहाला म्हणून या की."

"चहाला?" मी त्यांना चोरी करायला सांगितल्यासारखे ते दचकले. "चहा प्यायला की घरमालक संपला. मग नळ गळला तर तुम्ही भीडेपोटी सांगणार नाही, आणि भिंतीला खिळे किती ठोकले ते मी विचारणार नाही. घराची वाट लागते त्यानं."

अण्णा एका सरकारी कारखान्याच्या तपासणी खात्यातून निवृत्त झाले होते. बायको वारलेली, मूलबाळ नाही. खाली पुढच्या बाजूला ते एकटे राहत, मागे एका शाळामास्तरांचं बिऱ्हाड होतं आणि वर आम्ही. अंगणात नारळाची दोन झाडं होती. त्यांच्यावरून पूर्वी बिऱ्हाडांत भांडणं होत, म्हणून अण्णांनी नियम केला होता: नारळ ज्याच्या डोक्यात पडता पडता राहिला, नारळ त्याचा. मास्तर रोज संध्याकाळी वर्तमानपत्र घेऊन नेमके झाडाखाली का बसतात, हे मला बऱ्याच दिवसांनी कळलं.

पाटी पाहून येणारे लोक पुरेनासे झाले की अण्णा स्वतः माणसं आणत. बसस्टॉपवर उभा असलेला कारकून, उदबत्त्या विकणारा, एकदा तर चक्क हवालदार. हवालदारसाहेबांनी सगळ्या खोल्या टोपी काढून पाहिल्या आणि मोरीचा उतार बरोबर नाही असं मत दिलं. अण्णांनी ते गंभीरपणे ऐकून घेतलं. एक पेन्शनर गृहस्थ तर इतक्या वेळा घर बघायला आले की पुढे पुढे ते कोणाला न विचारता थेट गॅलरीत जाऊन बसत. वसुधा रविवारी पोहे जास्तच भिजवायला लागली. आलेले पाहुणे खात. अण्णा मात्र हात लावत नसत. "बेडा, नको," म्हणत ते नळाकडे वळत. पण पोह्यांचा वास आला की त्यांचा हात चालायचा थांबे, हे वसुधेच्या नजरेतून सुटलं नव्हतं. "त्या माणसाला आत येऊन बसायचंय हो," ती म्हणायची, "आणि स्वतःच दाराशी पहारा देत उभा राहिलाय."

एकदा आमचा नळ धो धो गळायला लागला. मी खाली सांगायला गेलो. अण्णा चटकन उठले, पकड घेतली, आणि पुन्हा बसले. "येतो. कोणीतरी मिळू दे." रात्र गेली, सकाळ गेली, बादल्या भरून वाहिल्या. शेवटी मीच बसस्टॉपवर गेलो आणि इथल्याच शिवाजीनगरच्या बसची वाट बघत असलेल्या एका भल्या माणसाला विनंती करून घर बघायला घेऊन आलो. त्याला काय समजावलं ते देवालाच ठाऊक. अण्णा त्याच्यामागून वर आले आणि नळ दुरुस्त झाला. त्या माणसाची बस चुकली. जाताना तो मलाच धन्यवाद देऊन गेला.

या सगळ्यामागे काय होतं ते मला एका पहाटे कळलं. कावेरीचं पाणी एक दिवसाआड येई आणि मोटर लावायला आम्ही दोघेही टाकीपाशी जागे असू. पाणी चढेपर्यंत बोलण्याशिवाय दुसरं काम नसे. अण्णांचा पहिला भाडेकरू त्यांचा दोस्त होता. बायको गेल्यावर अण्णा रोज संध्याकाळी त्याच्याकडे कॉफीला जात. एक दिवस दारातच त्यांच्या कानावर आलं. आतून दोस्ताची बायको म्हणत होती, "घर त्यांचं म्हणून रोज येऊन बसतात. नाही कसं म्हणायचं?"

"खोटं काय बोलली?" अण्णा म्हणाले. "मालकाला कोण नाही म्हणणार? म्हणून मालकानंच यायचं नाही." आणि त्यांनी मोटर बंद केली.

मला फार वाईट वाटलं. पण वाईट वाटून काय करणार? चहाला बोलावणं तर आमच्या हातात नव्हतंच.

पुढे वसुधेला सातवा महिना लागला आणि नेमका तेव्हा केतन आला. पुण्याचा, संगणकाच्या कंपनीत नवीन लागलेला. त्याने घर पाहिलं आणि तो घराच्या प्रेमातच पडला. "अंकल, मस्त आहे! एकदम पर्फेक्ट! मी पुढच्या महिन्यात शिफ्ट होतो." अण्णांचा चेहरा उतरला. इतक्या वर्षांत कोणी चटकन हो म्हणालंच नव्हतं.

मग अण्णांनी स्वतःच्या घराची निंदा सुरू केली. पाणी धड येत नाही, गच्ची गळते, नारळ डोक्यात पडतात, वरच्या मजल्यावर माकडं येतात. केतन आणखीच खूश झाला. "इतका प्रामाणिक मालक मी बंगळूरमध्ये पाहिलाच नाही, अंकल." दुसऱ्या दिवशी तो पेढे घेऊन आला. वसुधा रडायला लागली. त्या अवस्थेत घर बदलायचं कुठे आणि कसं?

मी खाली जाऊन म्हणालो, "अण्णा, त्याला सरळ नाही म्हणा."

"कसं म्हणू?" अण्णांनी गेटकडे बोट दाखवलं. "पाटी मी लावलीय. पाटी म्हणजे शब्द दिला. देशपांडे, मी शब्द मोडणारा माणूस नाही री."

ती रात्र आमची कशी गेली ते विचारू नका. सकाळी जिन्यावर धडाधड आवाज आले. दार उघडून बघतो तर अण्णा आपली लोखंडी खाट पाठीवर घेऊन गच्चीकडे चाललेले, मागून मास्तर त्यांची गादी घेऊन.

"अण्णा, हे काय?"

"पाटीवर कुठलं घर ते लिहिलेलं नाही," ते धापा टाकत म्हणाले. "खालचं केतनला दिलं. मला गच्चीवरची खोली बास. सरी, बाजूला व्हा."

ती खोली म्हणजे पाण्याच्या टाकीखालची अडगळीची कोंदट जागा. आम्ही दोघांनी हात जोडले, वसुधेने तर त्यांची वाटच अडवली. ते खाट खाली ठेवेनात. "इथून टाकी भरल्याचा आवाज चांगला येतो," एवढंच म्हणाले. केतन खालच्या घरात राहायला आला आणि दुसऱ्या दिवशी पाटी पुन्हा गेटवर होती.

आता त्यांना दिवसातून कितीदा तरी आमच्या दारावरून जावं लागे. दार उघडं असलं तर ते मान फिरवून जात. मुलीच्या बारशाला आम्ही त्यांना आग्रहाचं आमंत्रण दिलं. ते आले, पण केतनला 'वरचं घर पुन्हा एकदा बघायचंय' म्हणून बरोबर घेऊन. पाळण्याचा छतातला हुक तीनदा ओढून पाहिला आणि बाळाकडे डोळे भरून बघत परत गेले.

काही वर्षांनी आम्ही बनशंकरीला स्वतःचा लहानसा फ्लॅट घेतला. निघताना अण्णा उंबऱ्याबाहेरच उभे होते. मी पाया पडलो तेव्हा म्हणाले, "तिथले नळ कसले आहेत?"

एका रविवारी बेल वाजली. दारात अण्णा, बरेच थकलेले, शर्टाच्या खिशात पकड. बरोबर कोणी नव्हतं.

"बसमध्ये दोघांना विचारलं," ते ओशाळून म्हणाले. "कोणी यायला तयार झालं नाही. जातो मी. सहज आलो होतो." आणि ते खरंच वळले.

मी म्हटलं, "अण्णा, घर बघायला आलात ना? या, दाखवतो."

ते थांबले. मग चपला काढल्या, पाय पुसले आणि आत आले. मी त्यांना हॉल दाखवला, झोपायची खोली दाखवली. "ही वसुधा, पोहे चांगले करते," म्हणून ओळख करून दिली. "पाणी रोज येतं का?" त्यांनी विचारलं. नळाशी जाऊन उभे राहिले, पण खिशातली पकड काही काढली नाही. खुर्चीत बसले, बशीभर पोहे खाल्ले, वर पुन्हा थोडे मागून घेतले आणि कॉफी बशीत ओतून सावकाश प्यायले. मुलगी त्यांच्या मांडीवर चढून खिशातली पकड ओढत होती. इतक्या वर्षांत त्यांना आमच्या घरात बसलेलं आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो. शेवटचंही, कारण पावसाळ्याआधीच ते गेले.

त्या दिवशी निघताना उंबऱ्यापाशी त्यांनी मागे वळून सगळं घर पुन्हा एकदा नीट पाहून घेतलं.

"चांगलं आहे," म्हणाले. "रिकामं कधी होणार?"

"रिकामं?" वसुधा डोळे पुसत म्हणाली. "इथं माणसं राहतात की, अण्णा."