जिन्यात थांबलेले काका

सध्या मी रोज सकाळी सतारीचा एकच अल्बम लावते. परवा केर काढताना जाळीच्या दारातून पाहिलं, तर वरच्या मजल्यावरचे काका जिन्यात एक पाय वरच्या पायरीवर ठेवून तसेच उभे! मला पाहून ओशाळले. "संपेपर्यंत पाय उचलवेना हो."

"मग आत या ना!"

आले, बसले, शेवटपर्यंत ऐकलं. मग "आता माझाही ऐकायला हवा" म्हणत वर जाऊन सारंगीची सीडी घेऊन आले. इतक्या वर्षांत आमचं बोलणं पाणी आणि पार्किंगपलीकडे कधी गेलं नव्हतं. आवडता अल्बम दुसऱ्याला ऐकवताना माणूस जरा धास्तावतोच. तो नाही आवडला, तर आपणच नावडलो असं वाटतं. काका सारंगी ऐकतच नव्हते, माझा चेहरा पाहत होते. माझ्या तोंडून नकळत "अहाहा" निघालं, तेव्हा कुठे ते खुर्चीत मागे टेकले.

वरून काकूंची हाक आली, "अहो, चहा गार झाला!"

"राहू दे, तूच खाली ये."

काकू कुरकुरत आल्या आणि दारातच थबकल्या. मी त्यांच्यासाठी खुर्ची सरकवली. काकांनी अल्बम पुन्हा पहिल्यापासून लावला.