मेंढीची मान

आप्पा गेले त्याला आता वर्ष होत आलं. गेल्या आठवड्यात मी त्यांची पत्र्याची पेटी उघडली. घोंगडीच्या घडीत कागदांचा एक गठ्ठा निघाला. सोळा कागद, प्रत्येकावर मेंढीचं चित्र, कडेला दोन-दोन भोकं. अंगठ्याखालून कागद सोडत गेले तशी मेंढी चालू लागली. तीच मेंढी, अजून तशीच चालत होती.

आप्पा माझे थोरले चुलते. आमचं गाव दौंडजवळ. घरात पूर्वी मेंढरं होती. मी लहान असतानाच ती विकून ऊस लावला. आप्पा शेतात राबत, पण त्यांची नजर रस्त्याने जाणाऱ्या कळपांकडेच असायची.

बारावीनंतर मी पुण्यात अॅनिमेशन शिकायचं ठरवलं. दोन हजार सालानंतरचे ते दिवस; हे शिक्षण म्हणजे नक्की काय, हे घरात कुणालाच सांगता येत नव्हतं, मलाही नीटसं नाही. वडिलांनी एक वर्ष दिलं. परीक्षेत पास झाले तर पुढे, नाहीतर डी.एड. त्याचा फॉर्म आणून कपाटावर ठेवलेला होता. सकाळी पुण्याची गाडी धरायला घरातून निघताना तो रोज दिसायचा.

शेवटच्या परीक्षेला चार पायांच्या जनावराची चाल करायची होती, एकदा कागदावर आणि एकदा कंप्युटरवर. बाकीच्यांनी घोडा नाहीतर कुत्रा घेतला. मी मेंढी घेतली. घरी मी एका लाकडी खोक्यात ट्यूबलाइट बसवून वर काच ठेवली होती. काचेवर आधीचं चित्र ठेवायचं, त्यावर कोरा कागद. खालची रेघ उजेडात दिसते, ती जराशी पुढे सरकवून नवी काढायची. दोन खिळ्यांत अडकवलेले कागद हलत नसत. पण चार पायांतला कुठला आधी उचलतो, हेच मला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं मेंढरं पाहिली होती आणि ठाऊक नव्हतं!

शिरूरकडे नदीकाठाला आप्पांच्या ओळखीचे एक मामा अजून मेंढरं राखत. आप्पा मला एसटीने तिकडे घेऊन गेले. ते दोघं बाभळीखाली बोलत बसले आणि मी वही घेऊन कळपामागे फिरले. मेंढरं थांबत नव्हती. एक मात्र मागे मागे राही, सावकाश चाले. मला ती सोयीची वाटली. दिवसभर तिचीच चित्रं काढली. मागचा डावा, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा. पायांचा क्रम सापडला तेव्हा इतका आनंद झाला की मी तो एसटीत बोटांनी मांडीवर वाजवत आले.

सोळा चित्रं झाली. सरांनी पाय तपासले आणि बरोबर आहेत म्हणाले. परीक्षा सोमवारी होती. शनिवारी मी अंगणात आप्पांना मेंढी चालवून दाखवली. त्यांनी दोनदा पाहिली.

"लंगडतीया ही."

"आप्पा, पाय बरोबर आहेत. सरांनी बघितलेत."

"तुझ्या सरानं कवा मेंढरं राखली? पाय बरुबर हायेत. मान बघ. दुखरा पाय टेकला की मान वर जाती. डावा पुढचा."

मी काचेवर एकेक कागद ठेवून पाहिला. डावा पुढचा पाय टेकायचा त्या चित्रात मान खरंच वर होती. मी ते समजून काढलं नव्हतं. दिसलं तसं काढलं होतं. सावकाश चालणारी म्हणून निवडलेली मेंढी दुखऱ्या पायाची होती.

"पण तुम्ही पायांऐवजी मान का बघता?"

"कळप चालतो तवा पाय धुरळ्यात असत्यात, पोरी. माना तेवढ्या वर दिसत्यात."

रविवारी दौंडच्या कंप्युटर क्लासमध्ये मी चित्रं स्कॅन करून चढवली. मान वेगळी केली, खाली आणली. अर्ध्या तासात काम झालं. कागदावर हेच करायला सोळाच्या सोळा चित्रं पुन्हा काढावी लागली असती. आप्पा मुद्दाम सोबत आले होते. टेबलासमोर उकिडवे बसून त्यांनी पडद्यावर नजर लावली.

"बरी झाली आता," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "हितली बरी केलीस. आन् तिकडची?"

घरी आल्यावर चहाच्या वेळी म्हणाले, "मी तिथंच बसलो व्हतो बिडी वढत. मला दिसलं न्हाई."

काकू हसल्या. "कागदावरची मेंढी दुखतीया म्हणं! मग दवा बी कागदालाच लावा की."

आप्पा उठून एसटीडी बूथवर गेले आणि मामा जिथे दूध घालत त्या हॉटेलात निरोप ठेवला, डावा पुढचा पाय बघा म्हणून.

सोमवारी मी कागदाची मेंढी दुरुस्त न करता दिली. वर लिहिलं, डावा पुढचा पाय दुखरा. कंप्युटरवर बरी मेंढी दिली. सरांनी कागद पुन्हा पुन्हा सोडून पाहिले.

"पाय तर ठीक आहेत. दुखरा कुठे?"

"मान बघा, सर."

त्यांनी पाहिलं. मग बाजूच्या मुलाचा घोडा उचलला आणि त्याची मान पाहू लागले.

निकाल शुक्रवारी लागला, कागदही परत मिळाले. मी घरात शिरताच ओरडून सांगितलं. वडिलांनी कपाटावरचा फॉर्म काढून शेजारच्या मुलीला दिला. आप्पा मात्र गंभीर चेहऱ्याने ओट्यावर बसले होते.

"मामाचा निरोप आलाय. खुराच्या बेचक्यात बाभळीचा काटा व्हता. एवढा." त्यांनी बोटाचं पेर दाखवलं. "काढला. चालतीया आता."

मग जरा वेळाने माझ्याकडे पाहून विचारलं, "तुझं काय झालं गं? पास झालीस का?"

"झाले, आप्पा."

"बरं झालं," ते म्हणाले आणि हात पुढे केला. "ते कागद हिकडं दे."